वस्तीवर राहायचंय? सोलापुरात ‘ऑफ-ग्रिड’ जगण्याचा खरा हिशोब

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोलताना जे बोललो तेच जवळपास इथं आहे, फक्त मधले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ गाळलेत.

विषय तुम्हीच दिलेला आहे. गेल्या काही महिन्यांत ज्या व्हॉइस नोट आल्या, त्यातल्या बऱ्याच एकाच सुरातल्या. पोरगा किंवा पोरगी मूळची मोहोळ, माढा, सांगोला, मंगळवेढा यापैकी कुठली तरी. नोकरी पुण्यात. आजोबांच्या नावावर चार-पाच एकर जिरायत. रात्री दोन वाजता रील बघतात : जंगलात लाकडी केबिन, छपरावर सोलर, बाजूला कोंबड्या, शेजारी कुणी नाही, वीजबिल नाही, बॉस नाही. आणि मग मला विचारतात, “दादा, हे आपल्याकडं जमेल का?”

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ‘ऑफ-ग्रिड’ हा शब्द नवीन आहे, आपल्याकडची वस्ती जुनी आहे. सोलापूर जिल्ह्यात गावठाणापासून दोन-तीन किलोमीटरवर, शेतात घर करून राहणारी हजारो कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांकडं लाईट फार उशिरा आली. त्यांनी विहिरीचं पाणी प्यालं, घरची ज्वारी खाल्ली, चुलीवर रांधलं. त्याला कुणी लाइफस्टाइल म्हटलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच जणांना पहिली संधी मिळताच मीटर घ्यायचं होतं. त्यामुळं रीलवाल्याला विचारण्यापेक्षा वस्तीवरच्या माणसाला विचारलेलं बरं. तोच हिशोब आज मांडतो.

अंकोली, कुडावळे आणि दहा गुंठे

हे जाणूनबुजून, ठरवून करून बघितलेली माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. मोहोळ तालुक्यात अंकोली नावाचं गाव आहे. तिथं अरुण आणि सुमंगला देशपांडे हे जोडपं मुंबई सोडून येऊन राहिलं आणि त्यांनी ‘विज्ञानग्राम’ उभं केलं. त्यांची ‘वॉटर बँक’ ही कल्पना बरीच गाजली. सोपं करून सांगायचं तर, पावसाळ्यात पडलेलं पाणी आपल्याच जागेत ठेव म्हणून ठेवायचं आणि वर्षभर हिशोबानं काढायचं. शहरातल्या सोयी आणि खेड्यातली मोकळीक एकत्र आणणारं ‘रर्बन’ जगणं, असाही शब्द ते वापरत आले. मला त्यांच्या विचारात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती क्रमवारी. आधी पाणी, मग बाकी सगळं. रीलमध्ये हे उलटं असतं, आधी केबिन.

दुसरं नाव श्री. अ. दाभोळकर. कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’नं महाराष्ट्रातल्या द्राक्षबागायतदारांना एकमेकांकडून शिकायची सवय लावली. एका कुटुंबाला नीट जगायला दहा गुंठे, म्हणजे पाव एकर पुरे व्हावं, अशी त्यांची मांडणी होती. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक मिळालं तर वाचा. पण दहा गुंठ्यांचं गणित ऐकून लगेच उड्या मारू नका. ते दहा गुंठे म्हणजे रोज पानं मोजणारा, मातीचा वास घेणारा, वहीत नोंद ठेवणारा माणूस धरून आहेत. वीकेंडला येणारा माणूस धरून नाहीत.

तिसरं उदाहरण कोकणातलं. दापोलीजवळ कुडावळे इथं दिलीप कुलकर्णी गरजा कमी करून राहतात, ‘गतिमान संतुलन’ नावाचं मासिक काढतात. त्यांचं लेखन वाचून माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी तरी घरातल्या निम्म्या वस्तू वाटून टाकल्या. पण कोकणाची नक्कल सोलापुरात चालत नाही. तिथं पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर. आपल्याकडं ५५०च्या आसपास, तोसुद्धा मनात आलं तर. जूनमध्ये थोडा, जुलै-ऑगस्टमध्ये हुलकावणी आणि खरा भरवसा सप्टेंबरवर. १९७२, २००३, २०१२ ही वर्षं घरात कुणाला तरी विचारा, डोळ्यासमोर चारा छावण्या नाहीतर टँकर उभे राहतील.

पाणी : इथंच सगळं ठरतं

आता कॅल्क्युलेटर काढा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे एकच सूत्र पाठ करा.

एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. ५५० मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर वर्षाला साधारण २२ लाख लिटर पाणी पडतं. ऐकायला प्रचंड वाटतं ना? पण यातलं बरंचसं जमिनीत मुरतं किंवा उडून जातं. वाहून येऊन एका जागी गोळा होतं ते फार तर सहावा-सातवा हिस्सा.

आधी पिण्याचं बघू. घराचं छप्पर १००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. त्यावर वर्षाला ५१ हजार लिटर पडतील. गळती, पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं घाण पाणी वगैरे वजा करून ४० हजार धरा. चौघांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला माणशी सात लिटर, म्हणजे २८ लिटर. पावसाळा संपल्यापासून पुढच्या जूनपर्यंत आठ महिने. २८ गुणिले २४०, उत्तर सात हजार लिटरच्या आत येतं.

म्हणजे बघा, दुष्काळ पडला, पाऊस निम्माच झाला, तरी छपरावर २० हजार लिटर येतात आणि आपल्याला लागतात सात हजार. दहा हजार लिटरची झाकलेली, अंधारी टाकी असेल तर पिण्याच्या पाण्यासाठी सोलापुरात कुणाच्या दारात जायची गरज नाही. मला स्वतःला हा आकडा फार आवडतो. अख्ख्या हिशोबात इतकी पक्की गोष्ट दुसरी नाही. (छप्पर स्वच्छ ठेवा, जाळी बसवा, पाणी गाळून-उकळून प्या, हे ओघानं आलंच.)

वापरायच्या पाण्याचं गणित वेगळं. सरकार जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतं. चौघांचे २२०. दोन जनावरं ठेवली तर त्यांचे १२० लिटर, उन्हाळ्यात जास्तच. दोन गुंठे भाजीपाला ठिबकवर जगवायचा तर उन्हाळ्यात दिवसाला हजारेक लिटर. बेरीज १३४० लिटर. नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत सव्वादोनशे दिवस धरले तर तीन लाख लिटर लागले. एवढं पाणी टाकीत मावत नाही, त्याला शेततळं किंवा विहीर हवी.

शेततळ्याचा नेहमीचा आकार ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. उतार धरून त्यात २२ लाख लिटर बसतं. तीन लाखांची गरज, बावीस लाखांचा साठा, मग टेन्शन कसलं? टेन्शन वरून येतं, सूर्याकडून. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं उघड्या पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटिमीटरपर्यंत खाली जाते. भरलेल्या तळ्याच्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावर एक सेंटिमीटर म्हणजे नऊ हजार लिटर. एका दिवसात! चार माणसांच्या घराला चाळीस दिवस पुरेल एवढं पाणी एका दिवसात हवेत. पावसाळा संपल्यापासून पुढच्या जूनपर्यंत दीड मीटर पातळी अशीच जाते. तळ्याचा वरचा भाग रुंद असतो, त्यामुळं अर्धी खोली गेली की निम्म्याहून जास्त पाणी गेलेलं असतं. अजून आपण बादलीसुद्धा बुडवलेली नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, घरासाठीचा साठा रुंद नको, खोल आणि झाकलेला हवा. दुसरी गोष्ट पटायला जरा वेळ लागतो. तळ्यातलं जास्तीचं पाणी उन्हाळ्यासाठी ‘जपून’ ठेवण्यात अर्थ नाही. ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ज्वारी फुलोऱ्यात असताना एक पाणी म्हणून देऊन टाका. एका एकराला ५० मिलिमीटरचं एक पाणी म्हणजे दोन लाख लिटर. जिरायत ज्वारीला त्या वेळी मिळालेलं हे एकच पाणी कणसात दिसतं. ठेवलं असतं तर सूर्यानं प्यालं असतं, दिलं तर कोठीत आलं.

आणि एक कडवट गोष्ट. आपल्याकडची कितीतरी प्लास्टिकची शेततळी पावसानं भरतच नाहीत. २२ लाख लिटर वाहून यायला सहा-सात एकरांचं पाणी लागतं, ते कुठून आणणार? मग बोअर किंवा विहिरीचं पाणी उपसून तळ्यात भरतात. म्हणजे खडकात सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचं! आपला दगड म्हणजे काळा बेसॉल्ट, त्यात पाणी धरणाऱ्या भेगा आधीच थोड्या. तुम्ही जितकं ओढाल तितकं शेजाऱ्याच्या विहिरीतून कमी होणार. असं तळं बांधून स्वतःला स्वयंपूर्ण म्हणवून घेणं मला तरी पटत नाही.

गंमत म्हणजे सोलापूर शहरातली माणसं या बाबतीत आधीच ट्रेन झालेली आहेत. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळं कुठलं पाणी कशाला, कोणतं पिंप आधी उघडायचं, हे घरातल्या बाईला झोपेतसुद्धा माहीत असतं. पुण्यात चोवीस तास शॉवर घेतलेल्यालाच जड जातं.

घर काळीत नको

जुन्या गावगाड्यात दोन शब्द होते. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. यात शहाणपण आहे. काळी कापसाची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया घातला की दोन वर्षांत भिंती तडकल्याच. म्हणून घर मुरमाड माळावर बांधा, नाहीतर पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या. त्यानं चांगली जमीनही वाया जात नाही.

केबिन लाकडाची, पत्र्याची नको. मे महिन्यात पारा ४२-४३वर असतो, पत्र्याखाली माणूस भाजून निघेल. आपल्या भागातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं, माळवदाचं. जाड भिंती, लहान खिडक्या, वर लाकडावर पांढऱ्या मातीचा थर. दुपारी आत शिरलं की जीव थंड. दरवर्षी पावसाआधी माळवद बघावं लागतं, नाहीतर गळतं, हे कुणी रीलमध्ये सांगत नाही. पण त्या घराला कूलर लागत नाही किंवा कमी लागतो, आणि पुढच्या हिशोबात ह्याला फार किंमत आहे.

सोलर आणि गोबरगॅस

सोलर हा सगळ्यात सोपा भाग, म्हणून पटकन उरकतो. ऊन आपल्याकडं भरपूर. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. दोन कमी वॅटचे बीएलडीसी पंखे, पाच-सहा एलईडी, लहान फ्रिज, राउटर, लॅपटॉप, मोबाईल, सगळं मिळून अडीच ते तीन युनिटात भागतं. कूलर लावला की त्यात दोन युनिट वाढले, शिवाय त्याला रोज पाणी. म्हणून मघाशी माळवदाचं बोललो.

खरा खर्च पॅनेलचा नाही, बॅटरीचा. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची, नाहीतर लवकर मरते. म्हणजे हाताशी ०.९. रात्रीला दीड युनिट लागत असेल तर दोन बॅटऱ्या, आणि दोन दिवस आभाळ भरलं तर चार. चार-पाच वर्षांत त्या बदलायच्या. लिथियम महाग, पण टिकते. आणि पॅनेलवरची धूळ आठवड्याला पुसा, आपल्या फुफाट्यात हे विसरून चालत नाही.

इथं एक विरोधाभास लक्षात ठेवा. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावरच्या सोलरला सबसिडी मिळते, पण ती ग्रिडला जोडलेल्या घराला. पूर्ण ऑफ-ग्रिड गेलात की ती तुमच्यासाठी नाही. उलट शेतीपंपाला ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आहे, त्यात सर्वसाधारण शेतकऱ्यानं १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के रक्कम भरायची असते. दिवसा पंप चालणं हीच मुळात केवढी मोठी गोष्ट आहे! रात्रीच्या लाईटवर, हातात बॅटरी घेऊन उसात दारं धरायला गेलेल्या माणसाला ती विचारा.

स्वयंपाकाला गोबरगॅस. दोन घनमीटरचा दीनबंधू पद्धतीचा संच चार-पाच माणसांचा स्वयंपाक करतो. त्याला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. आणि शेणाइतकंच पाणी, म्हणजे रोज ५० लिटर. जनावरं वाढली की त्यांचं प्यायचं पाणी वाढलं, कडबा वाढला. म्हणून दोन जनावरांवर एक घनमीटरचा लहान संच घ्या, निम्मा स्वयंपाक त्यावर होईल. बाकीचा चुलीवर नाहीतर सिलिंडरवर. थंडीत गॅस कमी पडतो. सिलिंडर ठेवला म्हणून कुणी तुमचं स्वावलंबन काढून घेत नाही.

कोठीत काय येईल

आपला भाग ज्वारीचा, आणि त्यात मालदांडीचा. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली ही जात अजून टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. कमी पाण्यावर पीक कसं घ्यायचं याचा अभ्यास सोलापुरात १९३३ पासून चाललाय, तेव्हा इथं कोरडवाहू संशोधन केंद्र निघालं. बांधबंदिस्ती करा, ओल धरून ठेवा, दाट पेरू नका, कोळपण्या करून भेगा बुजवा. हे सल्ले नव्वद वर्षांचे आहेत आणि अजूनही खोटे ठरलेले नाहीत.

चौघांना दिवसाला माणशी ४०० ग्रॅम धान्य धरलं तर वर्षाला सहा क्विंटल. जिरायत ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल आली तरी समाधान मानायचं. म्हणजे दीड-दोन एकर ज्वारी, त्यातून कडबाही मिळतो. बांधाच्या कडेनं करडई लावा. काटेरी असल्यामुळं जनावर आत शिरत नाही आणि घरचं तेल निघतं. थोडी तूर, थोडा हरभरा, थोडा भुईमूग. शेंगांच्या चटणीशिवाय आपलं जेवण होत नाही, हे वेगळं सांगायला नको. चार एकरात हे बसतं.

पण एक वर्ष पिकलं नाही तर? इथं रीलवाले गप्प बसतात. आपल्या वाडवडिलांचं उत्तर होतं, दोन वर्षांचं धान्य घरात ठेवायचं. मंगळवेढ्याचे दामाजीपंत आपल्याला माहीत आहेत ते दुष्काळात कोठारं उघडली म्हणून. मुळात कोठारं भरलेली होती, हे आपण विसरतो. सामान्य शेतकऱ्याकडं पेव असायचं, जमिनीत खणलेला, वरून तोंड बंद केलेला खड्डा. आत हवा खेळत नाही, कीड जगत नाही, ज्वारी टिकते. ‘पेव फुटलं’ हा वाक्प्रचार तिथलाच. फक्त हे ऐकून कुणी पेव खणायला घेऊ नका. त्यात प्राणवायू संपलेला असतो, उघडल्या उघडल्या आत उतरलेली माणसं गुदमरून मेलेली आहेत. जुनी माणसं तोंड उघडून बराच वेळ तसंच सोडायची, मग आत कंदील सोडून बघायची. कंदील विझला तर उतरायचं नाही. आजच्या काळात पत्र्याची बंद कोठी आणि कडुनिंबाचा पाला, बस झालं.

मीठ, साखर, चहापत्ती, औषधं, कपडे, रिचार्ज, पोरांची फी, बॅटरीसाठी बाजूला काढायचे पैसे, हे शेतात उगवत नाही. रोकड लागतेच. दोन-चार शेळ्या, दुधाचं एखादं जनावर, हुरड्याच्या दिवसांत पाहुणे, किंवा ऑनलाइन काम. डाळिंबाचं नाव ऐकून भुलू नका. सोलापूरच्या डाळिंबाचं नाव मोठं आहे, शहराजवळ केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. पण ते पीक पाणी, औषध आणि भांडवल मागतं. त्याचं कर्ज डोक्यावर घेऊन ‘शांत जीवन’ जगता येत नाही.

एकटं राहायचं की वेगळं राहायचं

अमेरिकेतल्या थोरोचं नाव या विषयात निघतंच. १८४५ ते १८४७, वॉल्डन तळ्याकाठी झोपडीत राहिला. दुर्गाबाई भागवतांनी त्याचं पुस्तक ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ म्हणून मराठीत आणलं. पण जागा त्याच्या मित्राची, इमर्सनची होती, आणि तो गावात, घरी नेहमी जात-येत असे. म्हणजे थोरोसुद्धा पूर्ण एकटा नव्हता.

आपल्याकडं तर वस्ती चालायचीच माणसांवर. इर्जिक घालून सगळ्यांनी मिळून एकाचं रान नांगरायचं. सावड करून आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. काढणीला चार हात लागतात, ते यूट्यूबवरून येत नाहीत. गावाशी तोडून आलात तर मजुरी देऊनसुद्धा सुगीत माणूस मिळणार नाही. गावजत्रेची वर्गणी द्या, मयताला जा, लग्नाला जा. सोलरच्या सर्व्हिसिंगपेक्षा हे मेंटेनन्स महत्त्वाचं.

आणि आता ज्या पोरांनी व्हॉइस नोट पाठवल्यात त्यांना थेट विचारतो. बायकोला विचारलंय का? विचारलंय म्हणजे “तुला आवडेल ना?” असं नाही. शेण कोण कालवणार, भाकरी कोण थापणार, पाणी कोण आणणार, हे नावानिशी लिहून काढलंय का? स्वयंपूर्ण घरातलं काम शहरातल्या घराच्या दुप्पट-तिप्पट असतं आणि गुपचूप एकाच माणसाच्या अंगावर जातं. वस्तीवर दिलेल्या कितीतरी पोरी सांगतात, कामाचं काही नाही, पण दिवसभर बोलायला कुणी नसतं. पोरगं शाळेच्या वयात आलं की त्याला रोज नेणं-आणणं. हे प्रश्न सोडवता येतात, पण घर बांधून झाल्यावर नाही, आधी.

रात्रीचं एक सांगतो, हे मात्र लक्ष देऊन वाचा. आपल्याकडं नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी साप आहेत. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावलेलं पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपायचं. धान्य आणि कोंबड्या झोपायच्या खोलीपासून लांब, कारण उंदरामागं साप येतो. चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडं अर्धा तासही घालवू नका. चावलेला हात-पाय न हलवता सरळ दवाखाना, जिथं सर्पदंशाची लस आहे तिथं. आणि हे आधीच माहीत पाहिजे : सगळ्यात जवळ ती लस कुठं मिळते, रात्री तिथं डॉक्टर असतात का, तिथवर किती मिनिटं लागतात, आणि वस्तीवरून १०८ला फोन लागेल इतकी रेंज आहे का. जागा निवडताना शांतता मोजण्याआधी ही मिनिटं मोजा. पावसाळ्यातल्या चिखलात मोजा, मेमध्ये नको.

रस्ता आणि सातबारा

तिथवर जायचा रस्ता हा शेवटचा आणि सगळ्यात भांडणाचा मुद्दा. ‘एकांतातली जमीन स्वस्तात’ अशी जाहिरात दिसली की समजून जा, रस्त्याचा काहीतरी घोळ आहे. शेताला वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं बांधावरून रस्ता मागता येतो. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. दोन्हीत वेळ जातो आणि शेजाऱ्याशी कायमचं बिनसतं. त्यामुळं आधी गाव नकाशा काढून शिवरस्ता, पाणंद कुठून जाते ते बघा.

विकत घेणार असाल तर, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. तुमच्या आजोबांचं, वडिलांचं नाव सातबाऱ्यावर असेल तर वारस नोंद आहे का ते बघा. पुष्कळांची नसते, आणि मग चुलत्यांशी बोलणी निघतात. जमिनीचे लहान तुकडे करण्याचे नियम अलीकडं बदलत आलेत, त्यामुळं गुंठेवारीच्या व्यवहारात पैसे देण्याआधी तलाठी कार्यालयात जाऊन विचारा, व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर जाऊ नका.

नोकरी सोडायची का, हा प्रश्न सगळ्यांनीच विचारलाय. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष सोडू नका. आधी छपराचं पाणी साठवा, एक पावसाळा आणि एक मे महिना वस्तीवर काढून बघा. रजा टाका, वर्क फ्रॉम होम मागा, काहीही करा, पण सलग राहा. बोअर, तळं, घर यातलं काहीही त्याआधी कर्ज काढून करू नका. मे काढलात आणि घरातली सगळीच माणसं अजून एकमेकांशी बोलत असतील, तर पुढचं बोलू.

पुढच्या भागात सौर पंपाचा अर्ज कसा भरायचा ते एका शेतकऱ्याशी बोलून सांगणार आहोत. तोवर तुम्ही एक काम करा. घरी फोन लावून विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोटमध्ये सांगा : तालुका कोणता, जमीन काळी की मुरमाड, आणि तुमच्या विहिरीला मे महिन्याच्या शेवटी किती फूट पाणी असतं. गट नंबर पाठवू नका, तो तुमच्यापाशीच असू द्या.